'गेट'चा अर्थ त्याच्या उजवीकडे असतो

इंग्रजी शब्दकोशात 'गेट' काढला की धसकाच बसतो. मिळणे, मिळवणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे, पकडणे, करवून घेणे... अर्थांना आकडे घालून घालून कोशकारही दमलेला दिसतो. मग वाचणारा 'गेट म्हणजे मिळणे' एवढंच धरून ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो, नाहीतर सगळी यादी घोकायला बसतो. दोन्ही वाटांनी हा शब्द हाती लागत नाही. त्याचा अर्थ त्याच्या पोटात कमी आणि त्याच्या उजवीकडे जास्त असतो. 'गेट'नंतर काय आलंय ते आधी बघायचं, अर्थ नंतर लावायचा.

उजवीकडे नाम आलं तर मिळणे किंवा आणणे. विशेषण आलं तर होणे. 'टू' आणि ठिकाण आलं तर पोचणे. 'टू' आणि क्रियापद आलं तर संधी मिळणे. क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर काहीतरी घडून जाणे. आणि मध्ये एक नाम घालून मग तिसरं रूप आलं, तर दुसऱ्याकडून करवून घेणे. रोजच्या बोलण्यातला बराचसा 'गेट' एवढ्यात उलगडतो.

या सगळ्यांच्या तळाशी एकच गोष्ट आहे. 'हॅव' आणि 'बी' ही स्थितीची क्रियापदं आहेत: जवळ असणे, अमुक असणे, तमुक ठिकाणी असणे. 'गेट' म्हणजे त्या स्थितीत शिरण्याचा क्षण. 'आय हॅव अ कोल्ड' म्हणजे मला सर्दी आहे. 'आय गॉट अ कोल्ड' म्हणजे सर्दी झाली. 'आय अ‍ॅम टायर्ड' म्हणजे मी दमलेलो आहे. 'आय गॉट टायर्ड' म्हणजे दमलो. 'आय वॉज होम बाय सिक्स' म्हणजे सहाला मी घरात होतो. 'आय गॉट होम अ‍ॅट सिक्स' म्हणजे सहाला उंबरठा ओलांडला. ही जोडी डोक्यात बसली की पुढचे बरेच नियम पाठ करावे लागत नाहीत.

अर्थाकडे वळण्याआधी उच्चाराचं बघू, कारण देवनागरी इथे आपल्याला फसवते. मिळण्याचा 'गेट' आणि फाटकाचा 'गेट' आपण अगदी सारखेच लिहितो आणि मग सारखेच बोलतो. इंग्रजी कानाला हे दोन वेगळे शब्द आहेत. फाटकाच्या शब्दात स्वर लांब असतो आणि शेवटी 'इ'कडे घसरतो, 'गेइट' म्हटल्यासारखा. मिळण्याच्या शब्दात स्वर आखूड, जबडा किंचित जास्त उघडा आणि 'ट'वर लगेच तोडलेला. याच जोडीची भावंडं म्हणजे 'लेट' आणि 'लेट' (एक उशीर, एक परवानगी), 'वेट' आणि 'वेट' (एक थांबणे, एक ओला). 'आय गॉट वेट' हे भिजण्याचं वाक्य आहे. त्यातला स्वर लांबवला तर ऐकणारा बुचकळ्यात पडतो. अमेरिकन तोंडात दोन स्वरांच्या मध्ये आलेला 'ट' जवळपास 'ड' होतो, म्हणून 'गेट इट' हे 'गेडिट' आणि 'गेटिंग' हे 'गेडिंग' ऐकू येतं. ब्रिटिश 'गॉट'मध्ये ओठ गोल असतात, अमेरिकन 'गाट'मध्ये नसतात.

शब्द तसा बाहेरून आलेला. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला येऊन वसलेल्या स्कॅन्डिनेव्हियन लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'गेता' हे क्रियापद होतं. मिळवणे, गाठणे असा त्याचा अर्थ. जुन्या इंग्रजीतही याच कुळातला शब्द होता, पण तो एकटा कधी फिरत नसे, उपसर्ग लावूनच भेटे. 'फरगेट' आणि 'बिगेट' त्याच घरचे. त्यातला आद्य ध्वनी 'य'सारखा होता. आजचा ठणठणीत 'ग' ही नॉर्सची देणगी. आणखी मागे गेलं तर पकडणे या अर्थाचं लॅटिन 'प्रेहेन्देरे' याच मुळाचं निघतं आणि त्यातून 'कॉम्प्रिहेंड' आला. म्हणजे 'आय गेट इट' आणि 'आय कॉम्प्रिहेंड इट' या दोघांनी पकडण्यापासून समजण्यापर्यंतचा प्रवास केला, एकाने बाजारातून आणि दुसऱ्याने विद्यापीठातून.

आता उजवीकडे नाम. 'आय गॉट अ लेटर', मला पत्र आलं. इथे पहिली अडचण कर्त्याची. मराठीत 'मला मिळालं' म्हणताना वस्तू कर्ता असते आणि माणूस 'ला' लावून बाजूला बसतो. इंग्रजीत माणूसच कर्ता. त्यामुळे 'द लेटर गॉट टू मी' असं वाक्य सुचलं तर थांबावं. व्याकरणाने ते उभं राहतं, पण त्याचा अर्थ 'पत्र माझ्यापर्यंत पोचलं' असा होतो, आणि तोही 'अखेर एकदाचं' अशा सुरात. त्यातही 'गॉट टू मी'चा दुसरा अर्थ 'मनाला लागलं' असा आहे. 'हिज वर्ड्स गॉट टू मी' म्हणजे त्याचं बोलणं जिव्हारी लागलं.

दुसरी अडचण भूतकाळाची, आणि ही चूक सगळ्यांत जास्त ऐकू येते: 'आय डिडन्ट गॉट'. 'डिड'ने भूतकाळाचं ओझं एकदा उचललं की पुन्हा 'गॉट' लागत नाही. 'आय डिडन्ट गेट द मेसेज', 'डिड यू गेट द मेसेज?' असंच.

नामाच्या आधी एक माणूस आला की अर्थ आणून देण्याचा होतो: 'गेट मी अ चेअर', मला खुर्ची आणून दे. 'ब्रिंग' आणि 'गेट' यांत फरक आहे. 'ब्रिंग'मध्ये वस्तू बोलणाऱ्याच्या दिशेने यायची असते, बस्स. 'गेट'मध्ये जाणं, घेणं आणि परत येणं अशी पूर्ण फेरी आहे. पाहुण्याला फोनवर सांगायचं तर 'ब्रिंग युअर कॅमेरा'. शेजारी बसलेल्याला आतल्या खोलीत पाठवायचं तर 'गो अँड गेट द कॅमेरा'. दाराची बेल वाजली किंवा फोन वाजला आणि कुणी 'आय विल गेट इट' म्हणालं, तर तो काही मागत नाहीये. मी बघतो, मी उचलतो, एवढंच सांगतोय.

विशेषणाबरोबरचा 'गेट' आपल्याला फारसा अवघड जात नाही. 'इट्स गेटिंग डार्क', अंधारून येतंय. 'डोन्ट गेट अँग्री', चिडू नकोस. पण इथे एक कुंपण आहे आणि ते ओलांडलं की वाक्य भलतीकडेच जातं. 'गेट' विशेषणाबरोबर 'होणे' असतो, नामाबरोबर नाही. 'ती डॉक्टर झाली' याचं 'शी गॉट अ डॉक्टर' केलं तर त्याचा अर्थ तिने डॉक्टर बोलावून आणला. 'आय वॉन्ट टू गेट अ डॉक्टर' ऐकल्यावर समोरचा विचारेल, कोण आजारी आहे? नाम असेल तर 'बिकम' हवा: 'शी बिकेम अ डॉक्टर'.

सगळी विशेषणंही 'गेट'ला पटत नाहीत. जे बिघाड परत फिरत नाहीत त्यांना इंग्रजी बऱ्याचदा 'गो' लावते: दूध 'गोज सावर', अन्न 'गोज बॅड', माणूस 'गोज ब्लाइंड', 'गोज डेफ', 'गोज बॉल्ड', 'गोज मॅड'. रंगांनाही 'गो' किंवा 'टर्न': 'हिज फेस वेंट रेड'. याउलट थकणं, म्हातारं होणं, आजारी पडणं ही 'गेट'कडेच राहिली: 'गेट टायर्ड', 'गेट ओल्ड', 'गेट इल'. यामागे चोख तर्क शोधू नये, सापडत नाही. जोड्या कानाने धरायच्या.

लग्नाच्या शब्दावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण स्थिती आणि क्षण यांतला फरक इथे उघड दिसतो. मराठीत 'त्याचं लग्न झालंय' या एका वाक्यात घटनाही आहे आणि आजची अवस्थाही. इंग्रजीला निवड करावी लागते. 'ही इज मॅरिड' ही अवस्था. 'ही गॉट मॅरिड इन 2015' ही घटना. त्यामुळे 'लग्नाला किती वर्षं झाली?' याचं 'हाउ लाँग हॅव यू गॉट मॅरिड?' होऊ शकत नाही. क्षणाला लांबी नसते. 'हाउ लाँग हॅव यू बिन मॅरिड?' असं विचारायचं. उलट 'कधी केलंत लग्न?' हे 'व्हेन डिड यू गेट मॅरिड?'. शिवाय 'मॅरिड विथ' नाही, 'मॅरिड टू'. आपल्या 'तिच्याशी'तला 'शी' आपल्याला 'विथ'कडे ओढतो. 'लॉस्ट', 'ड्रेस्ड', 'रेडी', 'एंगेज्ड', 'डिव्होर्स्ड' हे सगळे याच चालीचे: 'आय अ‍ॅम लॉस्ट', मी वाट चुकलेलो आहे, आत्ता, या क्षणी, 'आय गॉट लॉस्ट', चुकलो होतो, आता सापडलोय.

ठिकाणाबरोबर 'गेट टू': 'गेट टू द स्टेशन', 'गेट टू वर्क', 'गेट टू द ऑफिस'. तीन शब्दांपुढे मात्र हा 'टू' गळतो: 'होम', 'हिअर', 'देअर'. 'आय गॉट टू होम' चूक, 'आय गॉट होम' बरोबर. 'रीच'चं नेमकं उलटं; तिथे 'टू' मुळातच लागत नाही, 'आय रीच्ड द स्टेशन'. दोन्ही शब्दांचा अर्थ पोचणे असल्यामुळे 'टू'ची अदलाबदल होते आणि 'रीच्ड टू द स्टेशन' तयार होतं. बोलण्यात 'रीच'पेक्षा 'गेट टू' जास्त सहज वाटतो. रस्ता विचारताना 'हाउ डू आय गेट टू द म्युझियम?' हेच वाक्य रूढ आहे.

वाहनांसाठी एक खूण चांगली चालते. ज्यात उभं राहून चालता येतं, किंवा ज्यावर टांग टाकून बसता येतं, त्याला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ': बस, ट्रेन, विमान, जहाज, सायकल, घोडा. ज्यात वाकून शिरून थेट बसावंच लागतं, त्याला 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ': कार, टॅक्सी, छोटी होडी. बसमधून उतरण्याला आपल्याकडच्या इंग्रजीत सर्रास 'गेट डाउन' म्हणतात. भारतात सगळ्यांना कळतं, त्यामुळे त्याला अडाणी ठरवण्यात अर्थ नाही. पण बाहेरच्या श्रोत्याला 'गेट डाउन' म्हटलं की खाली वाक किंवा झाडावरून, भिंतीवरून, शिडीवरून उतर असं ऐकू येतं. गर्दीच्या बसमध्ये कुणी 'गेट डाउन!' ओरडलं तर तो डोकं खाली घालेल.

करवून घेण्याचा 'गेट'

आता सगळ्यांत जास्त गफलत होते तो भाग. 'मी केस कापले' हे वाक्य मराठीत दोन्ही अर्थांनी चालतं. आरशासमोर उभं राहून स्वतः कात्री चालवली असेल तरी, आणि खुर्चीत मान खाली घालून बसलो असू तरी. ऐकणारा दुसराच अर्थ घेतो, कारण जगात बहुतेक लोक तेच करतात. 'कापून घेतले' असा प्रयोग मराठीत आहे, पण तो मुद्दाम सांगायचं असेल तरच करतात. इंग्रजीत ही सवलत नाही. 'आय कट माय हेअर' म्हणजे मी स्वतः, माझ्या हातांनी. दुसऱ्याने कापले असतील तर 'आय गॉट माय हेअर कट'.

रचना अशी: 'गेट', मग ज्यावर काम झालं ती वस्तू, मग तिसरं रूप. क्रम हलवायचा नाही. 'आय गॉट कट माय हेअर' हे वाक्यच नाही. 'गॉट'च्या जागी 'हॅड' चालतो, तो थोडा जास्त शिष्ट वाटतो: 'आय हॅड माय हेअर कट'. पण 'हॅड' वापरताना क्रमाची आणखी काळजी घ्यावी लागते, कारण 'आय हॅड कट माय हेअर' हेही शुद्ध वाक्य आहे आणि त्याचा अर्थ 'मी आधीच स्वतः केस कापलेले होते' असा होतो. दोन शब्दांची जागा बदलली की कात्री एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

अशी वाक्यं मराठीत ढिगाने आहेत. 'मी डोळे तपासले' याचं 'आय चेक्ड माय आइज' केलं तर आरशात पापणी ओढून बघण्याचं चित्र उभं राहतं. हवं 'आय गॉट माय आइज टेस्टेड'. 'मी दात काढला' याचं 'आय पुल्ड आउट माय टूथ' ऐकून समोरचा शहारेल. 'आय गॉट अ टूथ पुल्ड आउट' म्हणावं. 'मी गाडी दुरुस्त केली' हे 'आय रिपेअर्ड द कार' म्हणून सांगितलं तर लोक तुम्हाला मेकॅनिक समजतील, आणि पुढच्या वेळी स्वतःची गाडी घेऊन येतील.

प्रत्येक ठिकाणी मात्र हा नियम ताणायचा नाही. 'दे बिल्ट अ हाउस' हे विटा स्वतः न रचलेल्या माणसांबद्दलही इंग्रजीत बिनदिक्कत म्हणतात. 'आय रिन्यूड माय पासपोर्ट' ठीकच आहे, कारण स्वतः पासपोर्ट छापणारा कुणी नसतो. ऐकणाऱ्याला दोन शक्यता दिसतात का, हे बघायचं. केस, दात, गाडी, कपड्यांची शिलाई, भिंतींचा रंग, दाराचं कुलूप: ही कामं माणूस स्वतःही करू शकतो आणि दुसऱ्याकडूनही करवून घेतो, म्हणून तिथे 'गेट' हवाच.

याच साच्यात कधी नको ते घडल्याचंही सांगतात: 'शी गॉट हर फिंगर कॉट इन द डोअर', तिचं बोट दारात चेमटलं. तिने ते करवून घेतलेलं नाही, हे प्रसंगावरूनच कळतं.

काम करणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर साचा बदलतो. 'आय गॉट हिम टू साइन द फॉर्म', मी त्याची सही घेतली. इथे 'टू' अनिवार्य. 'आय गॉट हिम साइन' चूक. गंमत अशी की 'हॅव' आणि 'मेक' या दोघांना हा 'टू' अजिबात खपत नाही: 'आय हॅड हिम साइन', 'आय मेड हिम साइन'. तिन्ही वाक्यांनी फॉर्मवर सही होते, पण सही कशी झाली ते वेगवेगळं कळतं. 'हॅड'मध्ये सांगितलं आणि त्याने केली. ते त्याचं कामच होतं. 'मेड'मध्ये त्याची इच्छा नसताना करायला लावली. 'गॉट'मध्ये थोडी मनधरणी, थोडी युक्ती, थोडा पाठपुरावा आहे. मराठीत 'करायला लावलं' या एकाच ठिकाणी आपण हे तिन्ही टाकतो, म्हणून हाताखालच्या माणसाबद्दल सहज बोलताना 'आय मेड हिम डू इट' तोंडातून निघतं आणि उगाच दमदाटीचा वास येतो.

घडून जाण्याचा 'गेट'

'द विंडो वॉज ब्रोकन' या वाक्यात दोन अर्थ दडलेले आहेत: खिडकी फुटलेल्या अवस्थेत होती, किंवा खिडकी कुणीतरी फोडली. 'द विंडो गॉट ब्रोकन' म्हटलं की पहिला अर्थ गळतो, घटना उरते. म्हणून बोलण्यात घटना सांगायची असेल तर 'गॉट' सोयीचा पडतो: 'ही गॉट हर्ट', 'वी गॉट स्टक', 'दे गॉट कॉट', 'शी गॉट प्रमोटेड'.

यातल्या बऱ्याच गोष्टी वाईट आहेत हे लक्षात आलं असेल. या प्रयोगाचा कल तिकडे आहे: लागणं, अडकणं, पकडलं जाणं, कामावरून जाणं. चांगल्याही चालतात, बढती, निवड, पगार. पण माणसावर बरावाईट परिणाम झाला पाहिजे. कुणाचंच काही बनत-बिघडत नसेल तर तिथे 'वॉज'च बरा. 'द आयफेल टॉवर वॉज कम्प्लीटेड इन 1889' ऐवजी 'गॉट कम्प्लीटेड' लिहिलं, तर ते काम बरंच रखडून अखेर एकदाचं उरकलं असा सूर लागतो. जाणणे, मानणे, आवडणे अशा क्रियापदांबरोबर तर 'गेट' बसतच नाही: 'इट इज बिलीव्ह्ड दॅट' चालतं, 'इट गेट्स बिलीव्ह्ड दॅट' नाही.

शिवाय 'बी'सारखं दिसत असलं तरी इथे 'गेट' सहायक क्रियापद नाही. प्रश्न आणि नकार 'डू'नेच करावे लागतात. 'वॉज ही पेड?' याच्या जोडीला 'गॉट ही पेड?' नाही, 'डिड ही गेट पेड?'.

'हॅव गॉट', 'गॉट टू' आणि 'गॉटन'

'आय हॅव गॉट अ की' दिसतं भूतकाळासारखं, असतं वर्तमान. मिळालेली आहे, म्हणजे आता जवळ आहे, असा तो अर्थ सरकत गेला. 'आय हॅव अ की' एवढंच म्हटलं तरी चालतं, अमेरिकेत तेच जास्त. दोन्हीची सरमिसळ मात्र करू नये. एक तर 'हॅव यू गॉट अ की?' किंवा 'डू यू हॅव अ की?'. 'डू यू हॅव गॉट' ही खिचडी आहे. उत्तर 'येस, आय हॅव', तिथे 'गॉट' परत येत नाही. भूतकाळात हा प्रयोग सहसा सोडून देतात. माझ्याकडे कार होती म्हणजे सरळ 'आय हॅड अ कार'. आणि नेहमी होणाऱ्या गोष्टीला 'हॅव गॉट' लावत नाहीत. आत्ता डोकं दुखतंय तर 'आय हॅव गॉट अ हेडेक', अधूनमधून दुखत असतं तर 'आय ऑफन गेट हेडेक्स'.

'गॉट टू' ऐकताना कान टवकारायला हवा. 'आय हॅव गॉट टू गो', मला गेलंच पाहिजे. बोलताना यातला 'हॅव' आक्रसतो, पुष्कळदा नाहीसाच होतो आणि उरतं 'आय गॉटा गो'. तर 'आय गॉट टू गो', दोन 'ट' स्पष्ट ठेवून, म्हणजे मला जायला मिळालं. एकात सक्ती, दुसऱ्यात संधी. संशय आला तर वाक्याचा प्रश्न करून बघावा: सक्तीचा 'हॅव यू गॉट टू गो?' होतो, संधीचा 'डिड यू गेट टू गो?'. मुलं 'आय नेव्हर गेट टू चूज!' अशी कुरकुर करतात ती संधीच्या 'गेट'ने. 'गेट टू नो'मध्ये आणखी एक छटा आहे, हळूहळू ओळख होण्याची. एका दिवसात कुणी कुणाला 'गेट टू नो' करत नाही. पहिल्या भेटीला 'मीट'.

अमेरिकेत तिसरं रूप 'गॉटन'. ब्रिटनमध्ये ते प्रमाण भाषेतून गेलं, त्यामुळे पुष्कळांना तो नवा अमेरिकन थाट वाटतो. वस्तुस्थिती उलटी आहे. जुनं रूप 'गॉटन'च. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत, ते आहे. इंग्लंडने ते टाकलं, समुद्रापलीकडे गेलेल्यांनी राखलं. 'फरगॉटन' आणि 'इल-गॉटन' ब्रिटिशही अजून वापरतात, तेव्हा त्यांनी नाक मुरडायचं कारण नाही. अमेरिकन बोलीत दोन रूपांची कामं वेगळी वाटून दिलेली आहेत: 'आय हॅव गॉट टिकेट्स' म्हणजे तिकिटं माझ्याकडे आहेत, 'आय हॅव गॉटन टिकेट्स' म्हणजे मी ती मिळवली आहेत. म्हणून अमेरिकन लिहायचं ठरवून प्रत्येक 'गॉट'चा 'गॉटन' केला तर वाक्य हटकून चुकतं. 'आय हॅव गॉटन टू गो' हे सक्तीच्या अर्थाने अमेरिकेतही कुणी म्हणत नाही.

उरलेली जोड-क्रियापदं एकेक करून शिकावीत, पण काही जोड्या शेजारी ठेवूनच पाहाव्यात. 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे नंतर कळवतो. 'आय विल गेट बॅक अ‍ॅट यू' म्हणजे सूड घेईन. ऑफिसच्या ईमेलमध्ये 'टू' आणि 'अ‍ॅट' तपासूनच पाठवावा. 'गेट ओव्हर इट' म्हणजे त्यातून सावर. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाक. 'वेक अप' म्हणजे जाग येणे आणि 'गेट अप' म्हणजे अंथरुणातून उठणे. मधला वेळ ज्याचा त्याचा. 'गेट थ्रू' परीक्षेला लावला तर उत्तीर्ण होणे, फोनला लावला तर लागणे.

फोनचा विषय निघालाच आहे तर: समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की आपण 'आय डिडन्ट गेट यू' म्हणतो, किंवा 'आय अ‍ॅम नॉट गेटिंग यू'. बाहेरच्या माणसाला यात 'तू मला उमगला नाहीस' असं काहीसं गंभीर ऐकू येतं. माणूस काढून बोलणं ठेवावं: 'आय डिडन्ट गेट दॅट' किंवा 'आय डिडन्ट कॅच दॅट'.

राहता राहिला औपचारिक लेखनाचा प्रश्न. 'गेट' शिष्ट नाही, तो टाळा, असं शाळेत सांगतात. अर्जात, अहवालात ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्याच्या जागी एकच भारदस्त शब्द सगळीकडे बसत नाही, पुन्हा उजवीकडे बघूनच निवडावा लागतो. आलेल्या पत्राला 'रिसीव्ह'; खटपट करून मिळवलेल्या परवानगीला 'ऑब्टेन'; विशेषणापुढे 'बिकम'; ठिकाणापुढे 'रीच' किंवा 'अराइव्ह'; तिसऱ्या रूपापुढे 'वॉज'. 'आय ऑब्टेन्ड युअर लेटर' लिहिलंत तर ते कुणाच्या तरी कपाटातून मिळवल्यासारखं वाटेल. सहकाऱ्याला दोन ओळींचा निरोप धाडताना 'गॉट इट, थँक्स' पुरेसं असतं. तिथे 'आय हॅव रिसीव्ह्ड द सेम' लिहिण्याने आदर वाढत नाही, अंतर वाढतं. आणि आजारी माणसाला 'गेट वेल सून' लिहिताना व्याकरणाच्या पुस्तकाची भीती बाळगू नये. 'बिकम वेल सून' आजवर कुठल्याही कार्डावर छापलेलं पाहण्यात नाही.